ग्रामशिक्षण मोहीम आणि शिकल्याची मोजदाद

प्रौढांसाठी आखलेल्या कोणत्याही शिक्षणक्रमापुढे दोन प्रश्न उभे असतात. शिकणाऱ्याला शेवटपर्यंत टिकवून कसे धरावयाचे हा पहिला. आणि तो खरोखरच शिकला हे कशावरून ठरवावयाचे हा दुसरा. शाळकरी मुलाच्या बाबतीत पालकांचा धाक, हजेरीपट आणि वार्षिक परीक्षा ही तिन्ही मिळून हे प्रश्न परस्पर सोडवितात. प्रौढाच्या बाबतीत तसे घडत नाही. दिवसभर शेतात राबलेला माणूस वर्गास येईनासा झाला, तर त्याला जाब विचारण्याचा अधिकार कोणालाच नसतो. संगणकाच्या पडद्यावरून चालणाऱ्या ऑनलाइन अभ्यासक्रमांमुळे हेच प्रश्न आज नव्याने चर्चेत आले आहेत. हार्वर्ड विद्यापीठ आणि मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्था यांच्या अशा अभ्यासक्रमांच्या 2012 ते 2018 या काळातील नोंदींचे विश्लेषण 2019 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. नाव नोंदविणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी अभ्याससामग्री एकदाही उघडलेली नव्हती, आणि 2017-18 मध्ये अभ्यासक्रम पुरा करणारांचे प्रमाण 3.13 टक्क्यांपर्यंत घसरले होते, असे त्यावरून दिसून येते. या आकड्यांकडे पाहणाऱ्या अभ्यासकाने सातारा-सांगली परिसरातील एका जुन्या प्रयत्नाकडे वळून पाहणे उपयुक्त ठरेल. 1959 साली सातारा जिल्ह्यात सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम हा तो प्रयत्न होय.

मोहिमेचा विचार करण्यापूर्वी औंध संस्थानातील एका तरतुदीची दखल घ्यावी लागते. बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या या छोट्या संस्थानाचे तुकडे विखुरलेले होते. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, तर आटपाडी व कुंडल सांगली जिल्ह्यात मोडतात. गांधीजींच्या सल्ल्याने 1939 साली तेथे जी स्वराज्य-घटना अमलात आली, तिच्यात मताधिकाराला साक्षरतेची अट जोडलेली होती. सूर्यनमस्कारांचा कट्टर पुरस्कर्ता असलेल्या या राजाने आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपविली, ही गोष्ट पुष्कळ वेळा सांगितली जाते. परंतु शिक्षणाच्या इतिहासाच्या दृष्टीने ती अट अधिक महत्त्वाची आहे. अक्षर ओळखणे ही तेथे नागरिकत्वाची पायरी ठरली. जो शिकेल त्याला मत. जो शिकणार नाही त्याचे नुकसान त्याचे एकट्याचे. मोजमापाचे एकक व्यक्ती हे होते आणि प्रेरणा हक्काची होती. ही प्रेरणा सबळ असली, तरी जो सर्वांत मागे राहिला त्यालाच ती शिक्षा करते, हा दोष तिच्यात उघड होता. 1948 मध्ये संस्थान विलीन झाले आणि पुढे 1950 च्या संविधानाने निरक्षरालाही मताचा अधिकार दिला. शिकण्यासाठी दाखवावयाचे ते आमिष त्यामुळे नाहीसे झाले. नव्या प्रयत्नाला निराळी प्रेरणा शोधणे प्राप्तच होते.

1951 च्या जनगणनेत भारतातील साक्षरतेचे प्रमाण 18.33 टक्के होते. सातारा जिल्ह्याची गोष्ट मात्र काही बाबतींत वेगळी होती. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि 1924 मध्ये तिचे ठाणे साताऱ्यास हलविले. 1935 मध्ये संस्थेने शिक्षक तयार करणारे विद्यालय साताऱ्यात काढले, आणि पुढील काळात दुर्गम खेड्यांत स्वयंसेवी प्राथमिक शाळा उघडल्या. परिणामी खेड्यातच जन्मलेला आणि खेड्यातच राहणारा शिक्षक या भागात उपलब्ध झाला. दुसरी गोष्ट परगावच्या रोजगाराची. पाटण, जावळी, माण, खटाव या बाजूंचे असंख्य पुरुष मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत किंवा पलटणीत असत. घरी येणारे पत्र आणि मनिऑर्डरीच्या कुपनावरील दोन ओळी वाचून घेण्यासाठी त्यांच्या बायकांना शेजारच्या मुलाला अथवा पोस्टमनला बोलवावे लागे. नवऱ्याने लिहिलेले तिसऱ्याच्या तोंडून ऐकावयाचे आणि आपले उत्तर तिसऱ्याला सांगून लिहवावयाचे, अशी ही स्थिती होती. साक्षरतेची गरज सरकारी परिपत्रकाने निर्माण केलेली नव्हती. ती घराघरांत आधीच होती.

मोहिमेची आखणी या परिस्थितीला धरून झालेली दिसते. तिचे पहिले वैशिष्ट्य म्हणजे गाव हेच एकक मानले गेले. व्यक्तीने नाव नोंदवून वर्गास यावे, ही नेहमीची पद्धत बाजूस ठेवण्यात आली. गावाने एकत्र जमून निरक्षरता घालविण्याचा संकल्प करावयाचा, 14 ते 50 वर्षे वयाच्या निरक्षरांची घरवार यादी करावयाची, आणि मगच वर्ग सुरू करावयाचे, असा क्रम होता. शिकविण्याचे काम प्राथमिक शिक्षक आणि गावातील शिकलेली माणसे विनामोबदला करीत. देवळात, चावडीत, शाळेत, कोणाच्या सोप्यावर, जेथे जागा मिळेल तेथे वर्ग भरे. स्त्रियांचे वर्ग त्यांच्या सोयीच्या वेळी वेगळे घेतले जात.

पहिल्या टप्प्याचा शिक्षणक्रम सुमारे चार महिन्यांचा होता. ही मुदत शैक्षणिकदृष्ट्या अपुरी आहे, असे म्हणता येईल, आणि ते खोटेही नाही. स्वरव्यंजने, बाराखडी आणि जोडाक्षरे यांतून मराठी वाचनाची वाट जाते. मोठ्या वयाच्या हाताला लेखणी वळविण्यासच काही आठवडे लागतात. परंतु शेतकऱ्याचे वर्ष पेरणी, भांगलण, सुगी, गुऱ्हाळ, लग्नसराई आणि जत्रा अशा तुकड्यांत वाटलेले असते. चार महिन्यांहून लांबलेला कोणताही क्रम यांपैकी एकदोन तुकड्यांच्या तोंडी सापडून मोडणार, हे निश्चित होते. थोडे शिकवावे पण पुरे करावे, असा हा हिशेब होता. अभ्यासक्रम किती व्यापक असावा हे विषयावरून न ठरविता शिकणाऱ्याच्या फुरसतीवरून ठरविणे, ही दृष्टी त्या काळच्या पाठ्यक्रमरचनेत दुर्मिळ होती.

मोजणीची पद्धत याहूनही लक्षणीय होती. मुदत संपल्यावर शिक्षणखात्याचे अधिकारी येऊन प्रौढांची चाचणी घेत. आणि गाव साक्षर झाल्याचे ठरल्यावर ग्रामगौरव समारंभ होई. या समारंभाने मोहिमेच्या साऱ्या यंत्रणेला ताण दिला. एकट्या माणसाला गौरव मिळत नव्हता. तो मिळावयाचा तर साऱ्या गावाला. म्हणून वर्गातून गळालेल्या एका म्हातारीचे रिकामे आसन हा शेजाऱ्यांच्या, सरपंचाच्या आणि शिक्षकाच्या चिंतेचा विषय बनत असे. अनुपस्थिताचा शोध घेण्यासाठी वेगळा निरीक्षक नेमावा लागला नाही. भावकी आणि आळी यांनीच ते काम केले. समाजशास्त्राच्या परिभाषेत याला सामाजिक दबाव म्हणावे लागेल, आणि त्या दबावात गावातील वजनदारांचा वाटा मोठा असणार, हेही विसरता येत नाही. गावाच्या अब्रूसाठी शिकणे आणि स्वतःसाठी शिकणे यांत अंतर आहे. तथापि वर्गाचे दार त्यामुळे अशा अनेकांपर्यंत पोचले की जे आपण होऊन कधीच आले नसते. विशेषतः स्त्रियांना घराबाहेर पडून पाटीवर अक्षरे काढण्यास समाजाची मान्यता मिळाली, ती याच गौरवाच्या नावाने.

साताऱ्यातील यशानंतर 1961 पासून ही मोहीम महाराष्ट्राच्या इतर जिल्ह्यांत नेण्यात आली. दक्षिण सातारा जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले तेही याच सुमारास, 1960 च्या अखेरीस. पुढे युनेस्कोनेही साक्षरतेच्या पारितोषिकाने मोहिमेची दखल घेतली.

मोहिमेचे हेतू मात्र तीन होते आणि पहिलाच काय तो मोजता येण्याजोगा होता. निरक्षरता घालविणे हा पहिला हेतू; फिरत्या ग्रंथालयांच्या साहाय्याने मिळविलेली साक्षरता टिकविणे हा दुसरा; आणि त्यातून गावाची सर्वांगीण उन्नती साधणे हा तिसरा. पहिल्यासाठी यादी होती, मुदत होती, चाचणी होती, समारंभ होता. दुसऱ्यासाठी यांपैकी काहीच नव्हते. समारंभाच्या दिवशी गाव साक्षर ठरे आणि त्याच दिवशी शिक्षकाचे, अधिकाऱ्याचे व गावाचे लक्ष दुसरीकडे वळे. वाचण्यास काही नसले तर चार महिन्यांची अक्षरओळख किती दिवस टिकणार? अनेक नवसाक्षर पुन्हा निरक्षरतेकडे वळले, हा मोहिमेवरील प्रमुख आक्षेप याच ठिकाणी उद्भवतो. तो अप्रस्तुत मानता येत नाही. फक्त त्याचा रोख शिकविण्याच्या पद्धतीपेक्षा मोजणीच्या पद्धतीकडे असावयास हवा. जेथे मोजणी थांबली तेथे प्रयत्न थांबला. कोठारी आयोगाने 1966 च्या अहवालात साक्षरतेसाठी व्यापक मोहीम आणि निवडक गट असे दोन्ही मार्ग सुचविताना पाठपुराव्यावर भर दिला. त्याआधीच्या वर्षी तेहरान येथे भरलेल्या युनेस्कोच्या परिषदेत व्यावसायिक उपयोगाशी जोडलेल्या साक्षरतेचा पुरस्कार झाला होता. या दोन्ही विचारांच्या मागे मोहिमांचा असाच अनुभव होता.

त्यानंतर प्रौढशिक्षणाचे एकक हळूहळू पुन्हा व्यक्तीकडे वळले. ज्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात मोहीम उभी राहिली, त्या देवराष्ट्रे येथे जन्मलेल्या यशवंतराव चव्हाणांचे नाव धारण करणारे मुक्त विद्यापीठ 1989 मध्ये नाशिक येथे स्थापन झाले. स्वयं-अध्ययनाची पुस्तके आणि गावोगावची अभ्यासकेंद्रे यांतून शिक्षण शिकणाऱ्याच्या घरी गेले. पण अभ्यासकेंद्रात समंत्रकाची भेट तरी होत होती. 2017 मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या ‘स्वयम्’ या व्यासपीठावर प्रत्येक अभ्यासक्रमाची रचना चित्रफीत, वाचनसामग्री, स्वयंचाचणी आणि चर्चा अशा चार अंगांनी केली जाते. चौथे अंग महत्त्वाचे खरे. परंतु तेथे प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा यांची शेजारपाजाराची ओळख नसते. कोणी किती मिनिटे चित्रफीत पाहिली, कोठे थांबविली, कोणत्या प्रश्नाशी अडखळला, हे सारे आजच्या यंत्रणेला कळू शकते. साताऱ्याच्या शिक्षकाच्या वहीत इतके तपशील कधीच नव्हते. मात्र वहीत एखादे नाव खोडलेले दिसले की तो संध्याकाळी त्या दारात जाऊन उभा राही. गळालेल्याची नोंद होणे आणि त्याला परत आणणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पडद्यावरील शिक्षणक्रमात पहिली कमालीची अचूक झाली आहे आणि दुसरी करणारा माणूस बहुधा नेमलेलाच नसतो.

मोहिमेच्या मूल्यमापनासाठी सरकारी अहवालांतील गावांच्या संख्येपलीकडे जाणे आवश्यक आहे. शाळांची जुनी दप्तरे, ग्रामपंचायतींची इतिवृत्ते आणि घरोघरी जपलेली पत्रे ही साधने अभ्यासण्याजोगी आहेत. त्यांहून निकडीचे साधन म्हणजे माणसे. 1959 साली वयाच्या विसाव्या वर्षी ज्या स्त्रीने चावडीतल्या कंदिलाच्या उजेडात आपले नाव लिहिले, ती आज हयात असल्यास तिचे वय पंच्याऐंशीच्या पुढे आहे. समारंभानंतर तिने काय वाचले, मुंबईचे पत्र स्वतः उघडून वाचले की पुन्हा शेजारच्या मुलाला हाक मारली, हे सांगू शकणारी तीच आहे.