फोर-एच मंडळे आणि त्यांचे बिनपगारी शिक्षक

एखाद्या सार्वजनिक कार्याचा इतिहास लिहावयाचा म्हटला, की आपण प्रथम कायदे शोधतो, मग अनुदानांचे आकडे शोधतो, आणि शेवटी कोनशिलेवर कोणाचे नाव आहे ते पाहतो. ही साधने खोटी नव्हेत. पण ती अपुरी आहेत. दिवसभर शेतात राबून आलेला एखादा गृहस्थ, किंवा घरची कामे आवरून बसलेली एखादी गृहिणी, महिन्यातून एक संध्याकाळ शेजारपाजारची दहाबारा मुले आपल्या स्वयंपाकघरात जमवते आणि वर्षानुवर्षे हा नेम चालू ठेवते, याची नोंद कोणत्या दप्तरात सापडावयाची? आज मी ज्या चळवळीची हकिकत आपल्यापुढे ठेवणार आहे ती मुख्यत: अशाच माणसांच्या बळावर उभी राहिली. ती चळवळ अमेरिकेतील ग्रामीण मुलामुलींची. तिचे नाव फोर-एच.

हे नाव आपल्या कानांना चमत्कारिक वाटेल. हेड, हार्ट, हँड्स आणि हेल्थ, म्हणजे डोके, हृदय, हात आणि आरोग्य, या चार शब्दांची ही चार आद्याक्षरे. चळवळीचे चिन्ह क्लोव्हरचे चार पानांचे डहाळे. क्लोव्हर म्हणजे आपल्याकडे जनावरांना घालतात त्या बरसीम घासाच्या जातीचे रोप. प्रत्येक पानावर एक अक्षर. मुलांना शहाणे करावयाचे तर केवळ डोक्याकडे पाहून चालत नाही, हा विचार त्या चिन्हात आहे.

या कल्पनेचा जन्म एका अडचणीतून झाला. अमेरिकेत १८६२ च्या मॉरिल कायद्याने प्रत्येक राज्यात शेतकी आणि यंत्रविद्या शिकविणाऱ्या विद्यापीठांची सोय केली; १८८७ च्या हॅच कायद्याने त्यांना प्रयोगक्षेत्रे जोडून दिली. बियाणे, खते, मातीचे गुणधर्म, जनावरांचे रोग यांविषयीचे ज्ञान तेथे साठू लागले. परंतु ते शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचेना. शहरातून कोट घालून आलेल्या मनुष्याने आपल्याला नांगरणी शिकवावी, हे बापजाद्यांपासून शेती करणाऱ्याला कसे रुचावे? ‘पुस्तकी शेती’ म्हणून तो हसे. दुसरीकडे खेड्यातल्या शाळेत जे शिकवीत त्याचा मुलाच्या घराशी आणि शेताशी काही संबंध नसे. चार बुके शिकलेला मुलगा शहराची वाट धरी. तेव्हा काही शिक्षकांच्या मनात आले, की बापाला सांगून उपयोग नसेल तर मुलाच्या हातून करवून घ्यावे. बाप पाहील आणि समजेल.

ओहायो राज्यातील क्लार्क कौंटीत ए. बी. ग्रॅहम या शाळा-अधिकाऱ्याने १५ जानेवारी १९०२ रोजी मुलामुलींची पहिली सभा भरविली. कौंटी म्हणजे आपल्या जिल्ह्याहून लहान असा कारभाराचा विभाग. सभेची जागा होती कौंटीच्या न्यायालयाचे तळघर. मुलांनी लिटमस कागदाने आपापल्या शेतातील मातीची परीक्षा करावी, मक्याचे निवडक बी पेरावे, त्याची वाढ टिपून ठेवावी, असा साधा क्रम. त्याच सुमारास आयोवा राज्यात जेसी फील्ड ही तरुण शिक्षिका आपल्या खेड्यातील शाळेत मुलांचे मक्याचे मंडळ आणि मुलींचे गृहकृत्यांचे मंडळ चालवीत होती. पुढे १९०६ मध्ये साऱ्या पेज कौंटीच्या ग्रामीण शाळा तिच्या देखरेखीखाली आल्या. तिच्या बिल्ल्यावर तीन पाने होती. चौथे पान आले ते त्याच राज्यातील ओ. एच. बेन्सन या शाळा-अधिकाऱ्याच्या प्रयत्नाने.

दक्षिणेकडे सीमन नॅप या वृद्ध कृषितज्ज्ञाने हेच सूत्र धरले. ऐकलेले किंवा पाहिलेले मनुष्य नाकारू शकतो, पण स्वत:च्या हाताने केलेले नाकारू शकत नाही, हा त्याच्या साऱ्या शिकवणुकीचा गाभा. मुलांना बापाच्या जमिनीतला एक एकर मागून घ्यावयास सांगितले जाई. साउथ कॅरोलिना राज्यात जेरी मूर या पंधरा वर्षांच्या मुलाने १९१० साली आपल्या एका एकरात २२८ बुशेलांहून अधिक मका काढला, म्हणजे सुमारे ५८ क्विंटल. त्या काळी अमेरिकेत मक्याचे सरासरी उत्पन्न एकरी पंचवीस-तीस बुशेल होते, हे ध्यानात घेतले म्हणजे कुंपणापलीकडून पाहणाऱ्या थोरांची काय अवस्था झाली असेल ते कळते. त्याच राज्यात त्याच वर्षी मेरी क्रोमर या शिक्षिकेने मुलींची टोमॅटो मंडळे काढली. मुलींना एकर कोण देणार? म्हणून एक दशांश एकर. पिकलेले टोमॅटो हवाबंद डब्यांत भरावयाचे आणि विकावयाचे. आलेला पैसा मुलीचा. कित्येक घरांत मुलीच्या हाती तिचा स्वत:चा पैसा येण्याची ही पहिलीच वेळ असावी.

येथपर्यंत ही कथा काही ध्येयवेड्या शिक्षकांची झाली. ८ मे १९१४ रोजी स्मिथ-लीव्हर कायदा झाला आणि केंद्र सरकार, राज्याचे विद्यापीठ आणि कौंटी या तिघांच्या खर्चाने कृषिविस्ताराची कायम व्यवस्था लागली. प्रत्येक कौंटीत एक पगारी अधिकारी, त्याच्याकडे मोठ्यांचे आणि बऱ्याच ठिकाणी मुलांचेही काम. परंतु साधे त्रैराशिक मांडून पाहा. कौंटीत शेकडो शेतघरे, ती मैलोगणती विखुरलेली, अधिकारी एक. तो एका मुलाच्या वासराजवळ वर्षातून एकदा जरी उभा राहिला तरी पुष्कळ. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस त्या मुलाजवळ कोण उभे राहणार?

या प्रश्नाचे उत्तर युद्धाने दिले, आणि तेही उलट बाजूने. १९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. अन्न पिकवा, अन्न टिकवा, अशी हाक उठली. तातडीचा निधी आला, पगारी माणसे नेमली गेली आणि मुलांची नावे लाखांनी पटावर चढली. युद्ध संपले, निधी आटला, नेमलेली माणसे घरी गेली. त्यांच्याबरोबर मंडळेही गेली. ज्या गावी कोणी स्थानिक गृहस्थ वा गृहिणी मंडळाला आपले मानून बसली होती, तेथे मात्र ते टिकण्याची आशा राहिली. हा धडा चालकांनी मनावर घेतला. १९२० नंतरच्या दशकात त्यांनी आपले लक्ष गावातील बिनपगारी मार्गदर्शक शोधण्याकडे आणि त्यांना शिकवून तयार करण्याकडे वळविले. फोर-एच हे नाव सर्वत्र रूढ झाले ते याच दशकात. १९२७ साली वॉशिंग्टन येथे पहिले राष्ट्रीय शिबिर भरले तेही याच दशकात.

या मार्गदर्शकाला तिकडे ‘लोकल लीडर’ म्हणत. त्याचे शब्दश: मराठी ‘स्थानिक पुढारी’ असे होईल, पण पुढारी म्हटल्याबरोबर आपल्या डोळ्यांपुढे जी मूर्ती उभी राहते तिच्याशी या मनुष्याचे काडीचेही साम्य नाही. त्याचे काम पुढे होण्याचे नसून मागे राहण्याचे आहे. मंडळाचा अध्यक्ष मुलगा, चिटणीस मुलगी, खजिनदार एखादा बारा वर्षांचा पोर. सभेचे कामकाज तेच चालवितात, ठराव तेच मांडतात, चुकतात तेच. प्रत्येक मुलाने वर्षासाठी एक काम अंगावर घ्यावयाचे: एक कालवड, एक डुकरीण, भाजीचा वाफा, एक शिवलेला झगा. त्याची हिशेबवही त्यानेच लिहावयाची. किती दाणा घातला, किती खर्च आला, काय उरले. तोटा झाला तर तोटाही लिहावयाचा. आणि मोठ्या माणसाने हे सर्व पाहत, विचारले तर सांगत, पण हात मागे ठेवून उभे राहावयाचे.

हे वाटते तितके सोपे नाही. आपल्यापैकी ज्यांना मुले आहेत त्यांनी आठवून पाहावे. पोराने शिवण उसवली, की आपला हात आपोआप पुढे जातो. अर्ध्या घटकेत आपण करू ते काम पोर दोन दिवस करीत बसते, आणि ते पाहत बसणे ही एक तपश्चर्याच आहे. शिवाय उन्हाळ्याच्या अखेरीस कौंटीची जत्रा भरते. तेथे मुलांची जनावरे, भाज्या, शिवणकाम मांडले जाते, परीक्षक पाहतात, आणि निळ्या, लाल, पांढऱ्या फिती मिळतात. फीत मुलाला मिळत असली तरी तिचा लोभ बापाला सुटतो. मग वासराला खरारा बाप करतो, हिशेब आई लिहिते, आणि मुलगा केवळ दोरी धरून परीक्षकासमोर उभा राहतो. चळवळीच्या प्रारंभापासून हा रोग तिला जडलेला आहे, आणि तो आवरणे हे मार्गदर्शकाचे सर्वांत अवघड, सर्वांत कृतघ्न काम आहे. कारण ज्या बापाला आवरावयाचे तो त्याचा शेजारी असतो आणि उद्या त्याच्याच बांधाला बांध लावून नांदावयाचे असते.

जत्रेच्या शेवटी मांसासाठी वाढविलेल्या जनावरांचा लिलाव होतो. वर्षभर ज्याला हाताने चारले, नाव ठेवले, त्या गोऱ्ह्याची दोरी खरेदीदाराच्या हाती द्यावी लागते. मुले रडतात. आपल्यातील पुष्कळांना ही रीत क्रूर वाटेल, आणि तिकडेही ती विचार करावयास लावते. पण शेतीचे अर्थशास्त्र त्या मुलापासून कोणी लपवीत नाही, एवढे खरे. आणि त्या क्षणी कोणतेही पत्रक, कोणताही अधिकारी उपयोगी पडत नाही. वर्षभर त्या गोठ्यात येऊन गेलेले, मुलाला आणि जनावराला दोघांनाही ओळखणारे माणूस शेजारी असावे लागते.

या चित्राला एक काळी बाजू आहे, ती झाकून ठेवणे इतिहासाला शोभणार नाही. दक्षिणेकडील राज्यांत गोऱ्या मुलांची मंडळे वेगळी आणि कृष्णवर्णीय मुलांची वेगळी होती. कृष्णवर्णीयांमध्ये कृषिविस्ताराचे काम टी. एम. कँपबेल यांनी १९०६ साली अलाबामातील टस्कीगी संस्थेतून सुरू केले. घोडागाडीत अवजारे घालून ते वाडीवाडीने फिरत. परंतु १९१४ च्या कायद्याचा पैसा दक्षिणेत बहुतांशी गोऱ्यांच्या विद्यापीठांच्या हाती गेला. कृष्णवर्णीयांच्या मंडळांना अधिकारी थोडे, निधी थोडा. म्हणून तेथे शिक्षक, चर्चमधील मंडळी आणि शेतकरी स्त्रिया यांच्या फुकट श्रमांवर अधिकच भार पडला. मुलगा तोच, एकर तोच, मका तोच. पण जत्रा वेगळी आणि शिबिर वेगळे. १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्यानंतर ही विभागणी कायद्याने संपली; प्रत्यक्षात ती मोडण्यास आणखी काही वर्षे आणि न्यायालयीन झगडे लागले. त्या एकीकरणातही कित्येक ठिकाणी कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांच्या वाट्याला दुय्यम जागाच आल्या. स्वयंसेवकाची माया अन्यायी व्यवस्थेतही काम करते ही तिची थोरवी. पण तेवढ्याने व्यवस्था न्यायी होत नाही, हेही येथे शिकण्यासारखे आहे.

आज ही चळवळ अमेरिकेच्या सर्व पन्नास राज्यांत आहे. सुमारे साठ लक्ष मुलांपर्यंत ती पोहोचते असे तिचे चालक सांगतात, आणि त्यांत शहरांतील व उपनगरांतील मुले पुष्कळ आहेत. वासराच्या जोडीला यंत्रमानव आणि संगणक आले. पगारी माणसे काही हजार, बिनपगारी काही लक्ष, हे प्रमाण मात्र चळवळीच्या बांधणीतच आहे. आता स्वयंसेवकाला अर्ज करावा लागतो, त्याच्या पूर्वचरित्राची चौकशी होते, त्याला प्रशिक्षण घ्यावे लागते. मुलांच्या सुरक्षिततेसाठी हे आवश्यकच आहे. परंतु शेजारणीने सहज हाक मारली आणि मंडळ सुरू झाले, हा जुना मोकळेपणा त्यामुळे उरला नाही. ज्यांना महिन्याची एक संध्याकाळ मोकळी आहे अशी घरेही कमी होत चालली आहेत.

आपल्या देशाशी या इतिहासाचा एक धागा जुळलेला आहे. १९४८ साली उत्तर प्रदेशातील इटावा येथे अल्बर्ट मेयर यांच्या कल्पनेने ग्रामविकासाचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा शेतीचा तज्ज्ञ म्हणून होरेस होम्स हे अमेरिकन कृषिविस्तारातले अनुभवी गृहस्थ तेथे आले. पुढे २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास योजना देशभर सुरू झाली. ग्रामसेवक आला, युवक मंडळांची कल्पना आली. आपण तिकडचा पगारी अधिकारी घेतला. त्याच्यामागे उभा असलेला बिनपगारी शेजारी घेतला काय, हा प्रश्न मला आपल्यापुढे ठेवावासा वाटतो. आपल्याकडे निरपेक्ष सेवेची परंपरा तोकडी नाही. पण आपली सेवा बहुधा मोठ्या प्रसंगी जागी होते: पूर, दुष्काळ, भूकंप. दर महिन्याच्या ठरलेल्या संध्याकाळी, दहा मुलांसाठी, कोणी हार घालणार नाही असे काम वीस वर्षे करीत राहणे ही सेवेची निराळी जात आहे.

शहरात राहणाऱ्या आपल्याला वाटेल, की हा खेड्याचा प्रश्न आहे. तसे नाही. सरकार कायदा करू शकते, पैसा देऊ शकते, पगारी मनुष्य नेमू शकते. मुलाच्या चुकीजवळ धीराने उभे राहणारे माणूस सरकारला नेमता येत नाही. ते ज्या त्या गावाने, ज्या त्या आळीने आपल्यातून द्यावे लागते. अमेरिकेतील शेतकऱ्यांनी असे करावयास आरंभ केला तेव्हा आपल्या मुलांनी जास्त मका पिकवावा एवढीच त्यांची अपेक्षा होती. मका पिकलाच. पण त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात सभा चालविण्यास शिकलेली मुले पुढे मोठी झाली, आणि त्यांतील कित्येक आपल्या मुलांच्या, शेजाऱ्यांच्या मुलांच्या मंडळात तसाच हात मागे ठेवून उभी राहिली.