७९८ गाठी आणि न जुळणारे दोन आकडे

स्तनाच्या कर्करोगाच्या रिपोर्टवर ईआर आणि पीआर असतं, म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टर. ईआर पॉझिटिव्ह असेल तर टॅमॉक्सिफेनसारखं औषध लागू पडतं, आणि निदान पहिली काही वर्षं तरी रुग्णाचं भवितव्य बरं असतं.

२००० साली परळच्या टाटा मेमोरियलमधून ७९८ गाठींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ईआर पॉझिटिव्ह निघाल्या फक्त ३२.६ टक्के. 'भारतीय स्त्रियांच्या गाठी बहुतेक रिसेप्टर निगेटिव्ह' हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेलच. मी तर सिनॉप्सिसमध्ये लिहिलंसुद्धा होतं.

आता त्याच अभ्यासातला पुढचा आकडा बघा. पीआर पॉझिटिव्ह ४६.१ टक्के! पीआर बनतो तोच मुळात ईआरच्या हुकमाने. हॉर्विट्झ आणि मॅकग्वायर यांनी हे १९७५ मध्येच मांडलं होतं. मग वीज नसताना पंखा फिरतोय कसा? सुमारे २१ टक्के गाठी ईआर निगेटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह होत्या. काही खरोखर तशा असतीलही, पण इतक्या? समजा, सुकापूरच्या एखाद्या छोट्या दवाखान्यात गाठ काढली आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकायला उशीर झाला, तर असलेला ईआरही तपासणीत दिसेनासा होऊ शकतो.

दोन्हींपैकी एक तरी पॉझिटिव्ह असलेल्या गाठी मोजा, निम्म्याहून जास्त भरतात. नुसता ईआर बघून थांबलं असतं, तर त्या २१ टक्के बायकांची टॅमॉक्सिफेनची गोळी हुकली असती.