पक्षादेश
सभागृहात मत कोणत्या बाजूने द्यायचे याविषयी पक्षाने आपल्या सदस्यांना दिलेला आदेश, बोलण्यात ‘व्हिप’. तो प्रतोद बजावतो. नेत्याच्या इशाऱ्यावर आमदार मुकाट हात वर करतात, ही विरोधकांची टीका सगळीकडेच ऐकू येते. अमेरिकेत ती राष्ट्राध्यक्षांच्या पक्षावर होते, महाराष्ट्रात मुख्यमंत्र्यांच्या. ‘होयबा’, ‘नंदीबैल’ हे शब्द विरोधी बाकांवरूनच येतात आणि सत्तापालट झाला की बाकांबरोबर तेही पलीकडे जातात. अमेरिकेत पक्षाविरुद्ध मत दिल्याने पुढची उमेदवारी हातची जाऊ शकते. इथे आमदारकीच जाऊ शकते.

याचे मूळ १९८५च्या ५२व्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या अनुसूचीत आहे. आदेशाविरुद्ध मत देणारा किंवा गैरहजर राहणारा सदस्य, पक्षाने १५ दिवसांत माफ न केल्यास, अपात्र ठरतो. ही सक्ती विश्वासमत आणि पक्षाच्या मुख्य धोरणापुरती असावी, असे सर्वोच्च न्यायालयाने किहोटो होलोहान खटल्यात १९९२ मध्ये सुचवले. पक्षांनी ते फारसे मनावर घेतले नाही. पूर्वी एकतृतीयांश सदस्य फुटले तर ‘फूट’ म्हणून संरक्षण मिळे. डिसेंबर १९९१च्या नागपूर अधिवेशनात छगन भुजबळांनी शिवसेना फोडली, तेव्हा ५२ आमदारांच्या पक्षात म्हणूनच १८ या आकड्याला मोल होते. ही पळवाट २००३च्या ९१व्या दुरुस्तीने बंद केली.

आमदार मुकाट हात वर करतात, या टीकेला नागपुरात स्थानिक धार आहे. १९५३च्या नागपूर करारामुळे विधिमंडळ वर्षातून एकदा इथे भरते. विदर्भाचे आमदार मात्र बाहेर विदर्भवादी आणि सभागृहात पक्षवादी, असा इथला जुना अनुभव. काटोलचे भाजप आमदार आशिष देशमुख यांनी २०१८ मध्ये राजीनामाच दिला. पुढे ते काँग्रेसमार्गे भाजपमध्ये परतले आणि २०२४ मध्ये सावनेरहून निवडून आले. भंडारा-गोंदियाचे भाजप खासदार नाना पटोले यांनी डिसेंबर २०१७ मध्ये पद सोडताना, शेतकऱ्यांचे प्रश्न काढलेले पंतप्रधानांना रुचत नाहीत, असा आरोप केला होता. पक्षात राहून वेगळे मत देण्यापेक्षा राजीनामा सोपा, हे दोघांच्याही बाबतीत दिसले.

१२ नोव्हेंबर २०१४ रोजी नागपूरच्याच देवेंद्र फडणवीसांनी आवाजी मतदानाने विश्वासमत जिंकले. भाजपकडे स्वतःचे बहुमत नव्हते, म्हणून शिवसेना आणि काँग्रेसने मतविभागणी मागितली. अध्यक्ष हरिभाऊ बागडे यांनी ती मान्य केली नाही. आवाजी मतदानात कोण कुठे उभा होता याची नोंद राहत नाही, त्यामुळे विरोधकांचा आक्षेप निव्वळ आदळआपट नव्हता. तेव्हा विरोधी बाकांवर असलेले शिवसेनेचे एकनाथ शिंदे २०२२ मध्ये भाजपच्या साथीने मुख्यमंत्री झाले.

राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत पक्षादेश चालत नाही, मतदानही गुप्त असते. २००७ मध्ये शिवसेनेने भाजपप्रणीत आघाडीच्या भैरोंसिंह शेखावतांऐवजी प्रतिभा पाटील यांना मते दिली. तो निर्णयही आमदारांचा नव्हता, ठाकरेंच्या ‘मातोश्री’चा होता.

शिंदेंच्या बंडानंतर जुलै २०२२ मध्ये तर एकाच शिवसेनेचे दोन आदेश निघाले, ठाकरे गटाच्या सुनील प्रभूंचा आणि शिंदे गटाच्या भरत गोगावलेंचा. प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ गटाचा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी सांगितले. अपात्रतेच्या सुनावणीचा काही भाग त्या डिसेंबरात नागपूर विधान भवनात झाला. १० जानेवारी २०२४ रोजी अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी शिंदे गटाला खरी शिवसेना ठरवून गोगावलेंची नेमणूक वैध मानली, आणि दोन्हीकडचा एकही आमदार अपात्र केला नाही.