सल्फासॅलाझिन: ३७ वर्षे न विचारलेला प्रश्न

१/४
आमवात जिवाणूंमुळे होतो, असा १९३०च्या दशकात अनेक डॉक्टरांचा समज होता. म्हणूनच स्टॉकहोमच्या प्राध्यापिका नान्ना स्वार्त्स यांनी जिवाणूरोधक सल्फापिरिडीन आणि दाहशामक सॅलिसिलेट यांची एकाच रेणूत सांगड घालून घेतली. १९४२ साली त्यांनी हे औषध जगापुढे मांडले: सल्फासॅलाझिन.

२/४
समज चुकीचा ठरला. या आजारात प्रतिकारशक्तीच शरीरावर उलटते. औषध मात्र लागू पडले, आमवातावर आणि मोठ्या आतड्याच्या व्रणदाहावरही. ऐन तारुण्यातले रुग्ण ते वर्षानुवर्षे घेत राहिले.

३/४
१९७९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटिश डॉक्टरांनी नोंदवले की, या औषधाने पुरुषांना वंध्यत्व येते. शुक्रजंतूंची संख्या घटते, हालचाल मंदावते. औषध थांबवल्यावर दोन-तीन महिन्यांत ते पूर्ववत होतात. नवे शुक्रजंतू घडायला साधारण तेवढाच काळ लागतो. इतका सोपा उपाय! तोवर पाळणा न हललेल्या घरांत बोल कोणाला लागला असेल, हे सांगायला नको.

४/४
दोष सल्फापिरिडीनचा होता. आतड्याला गुण येतो तो दुसऱ्या भागाने, हे ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १९७७ सालीच दाखवले होते. पुढे तोच भाग मेसालाझिन म्हणून स्वतंत्रपणे मिळू लागला. आमवातासाठी मात्र सल्फासॅलाझिन आजही लिहून दिले जाते.