जंबूकाकांचे कूळ

प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्यास आली ती १९३३ साली. पुढच्याच वर्षी तिचा ‘अमृतमंथन’ गाजला, आणि त्याच सुमारास कंपनीने ‘जंबूकाका’ नावाचा एक चिमुकला व्यंगचित्रपटही काढला. बोलपटांच्या इतिहासात त्याच्या वाट्याला एखाददुसरी ओळ येते. वाचकहो, मी मात्र त्या ओळीपाशी थबकलो. जंबूक म्हणजे कोल्हा, आणि कोल्हा हे आपल्या गोष्टींतले जन्माचे दुय्यम पात्र. सिंहासन सिंहाचे, पराक्रम वाघाचा. हा बापडा दरबाराच्या दाराशी. त्याला पडद्यावर आणायचे आणि वर ‘काका’ म्हणायचे, ही मौज मराठी माणसालाच सुचावी!

मेहनत मात्र मौजेची नव्हे. बोलपटाची फीत सेकंदाला २४ चित्रे या वेगाने पळते. म्हणजे मिनिटाला १,४४०. एकेक चित्र दोनदा टिपून काम निभावले तरी मिनिटामागे ७२० रेखाटने हवीत. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’मध्ये निर्जीव काड्या नाचवल्या होत्या. काडीला निदान चेहरा नसतो. कोल्ह्याला मिस्कील डोळा द्यावा लागतो.

या काकांचे कूळ शोधू गेले की आपण पंचतंत्रात पोहोचतो. पिंगलक नावाचा सिंह संजीवक बैलाची डुरकणी ऐकून घाबरतो. करटक आणि दमनक हे दोन कोल्हे मंत्र्याचे पुत्र, पण मर्जीतून उतरलेले. दमनक आधी सिंह-बैलाची मैत्री जुळवतो, मग स्वार्थासाठी तीच मोडतो. बैल मरतो, दमनक मंत्री होतो. करटक त्याला चार शब्द सुनावतो, एवढेच.

सहाव्या शतकात इराणच्या खुस्रूच्या दरबारातील बुर्झोय वैद्याने ही कथा पहलवीत नेली. आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फाने ती अरबीत आणली, आणि ग्रंथाचे नाव पडले ‘कलिला व दिम्ना’. म्हणजे आपले करटक आणि दमनकच! राजा राहिला आत, आणि दारावरचे चाकर मुखपृष्ठावर आले. अरबी ग्रंथात एक नवे प्रकरणही आहे: दिम्नावर खटला चालतो, गुन्हा शाबीत होतो आणि त्याला मरण येते. न्यायाची एवढी चाड असलेल्या त्या लेखकाला स्वतःला मात्र सत्ताधाऱ्यांच्या रोषापायी जीव गमवावा लागला.

मराठी छापखान्यात हे कूळ लवकर शिरले. मुंबईत १८२२ साली ‘पंचोपाख्यान’ छापले गेले. १८२८ साली सदाशिव काशिनाथ छत्र्यांची इसापनीती आली. ग्रीकांच्या गोष्टीतला प्राणी खरे तर खोकड. मराठीत तोही कोल्हाच झाला. असे दोन घराण्यांचे रक्त आपल्या कोल्होबांत मिसळले. द्राक्षे त्याने इसापाकडून घेतली. काकडी मात्र घरची. ‘कोल्हा काकडीला राजी’ ही म्हण कोणा पंडिताची नव्हे, शेत राखणाऱ्याची असावी.

आमच्या वसईच्या खाडीकाठी, तिवरांच्या आडोशाने, कोल्हे अजून आहेत. पण माझ्या वर्गातली बहुतेक मुले विरारच्या नव्या इमारतींतून येतात. कोल्हेकुई हा शब्द त्यांना व्याकरणाच्या पुस्तकातून ठाऊक. त्यांना दमनकाची गोष्ट सांगताना दरसाल माझी पंचाईत होते. शेवट कोणता सांगावा? विष्णुशर्म्याचा, की अरबांचा? विष्णुशर्मा राजपुत्रांना शिकवत होता. दरबारात असेच चालते हे त्यांना कळायलाच हवे होते. माझ्यासमोर बसतात ती राजपुत्र नव्हेत. त्यांतली कित्येक उद्या संजीवकाच्या जागी उभी राहायची.

यंदा मी दोन्ही शेवट सांगितले. मुलींच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, करटकाला सगळं ठाऊक होतं ना? मग त्याने सिंहाला का नाही सांगितलं?”

तिला सांगितले, की हा प्रश्न अरबी लेखकालाही पडला असावा. त्याच्या कथेत कलिला आणि दिम्ना यांचे बोलणे एक चित्ता चोरून ऐकतो, आणि ते सिंहाच्या आईच्या कानी जाते. दिम्ना तुरुंगात पडतो. कलिलाला साक्षीला उभे राहावे लागतच नाही. खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच तो भयाने आणि दुःखाने झुरून मरतो.