प्रक्षेपणशक्तीचे स्वयंनियमन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
बिनतारी संदेशवहनाचा इतिहास बहुधा दूरवर पोहोचण्याचा इतिहास म्हणून लिहिला जातो. 1901 साली मार्कोनीचा संकेत अटलांटिकपार गेला, ही घटना त्यात अग्रभागी असते. या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. ती म्हणजे स्वतःचा आवाज आवरता घेण्याची. नांदेड व लातूर परिसराच्या संदर्भात या दुसऱ्या बाजूचा मागोवा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

मानवी शिस्तीचा टप्पा :
30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. हजारो माणसे दगावली. मदतकार्यात हौशी रेडिओचालकांनी, म्हणजेच 'हॅम' मंडळींनी, बिनतारी संदेशवहनाची सेवा दिली. समाधानकारक संपर्कासाठी आवश्यक तेवढीच शक्ती वापरावी, हे रेडिओच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतील तत्त्व आहे. हॅम परंपरेत ते पाळण्याची जबाबदारी चालकाच्या विवेकावर असते.

यंत्राकडे हस्तांतर :
योगायोगाने 1993 मध्येच अमेरिकेत सीडीएमए मोबाइलचे आयएस-95 हे मानक प्रसिद्ध झाले. त्यात टॉवर प्रत्येक फोनला सेकंदाला 800 वेळा शक्ती वाढविण्याची वा घटविण्याची आज्ञा देत असे. तसे न केल्यास टॉवरजवळच्या फोनपुढे दूरचा फोन ऐकूच आला नसता. 2003 पासून भारतात या पद्धतीचे फोन मोठ्या प्रमाणावर पसरले. आज ती सेवा इतिहासजमा झाली आहे.

वाय-फायच्या क्षेत्रात 2003 च्या 802.11एच या मानकाने 5 गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात शक्तिनियमनाची तरतूद केली. रडार व उपग्रहांना अडथळा होऊ नये, हा त्यामागील हेतू होता. पुढे याच कल्पनेचा उपयोग एका संस्थेतील अनेक ॲक्सेस पॉइंटांमध्ये मेळ घालण्यासाठी होऊ लागला. एका प्रचलित पद्धतीत प्रत्येक ॲक्सेस पॉइंट शेजाऱ्यांचे संकेत मोजतो आणि मध्यवर्ती नियंत्रक दर दहा मिनिटांनी हिशेब करतो. तिसऱ्या क्रमांकाच्या प्रबळ शेजाऱ्याचा संकेत ठरावीक पातळीपेक्षा वर गेल्यास शक्ती कमी केली जाते. एखादा ॲक्सेस पॉइंट बंद पडला, तर शेजारी शक्ती वाढवून ती पोकळी भरून काढतात.

भारतीय व स्थानिक संदर्भ :
रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये स्पष्ट केले. जानेवारी 2005 मध्ये 2.4 गिगाहर्ट्‌झ पट्टा शक्तीची मर्यादा घालून परवानामुक्त झाला. 5 गिगाहर्ट्‌झ पट्ट्यातील बाह्य वापर 2018 मध्ये खुला झाला. परवाना गेला, परंतु जबाबदारी गेली नाही, हे येथे लक्षात घेणे अगत्याचे आहे.

महाविद्यालयांत वाय-फायचे मोजमाप बहुधा यंत्रांच्या संख्येवर होते. शक्ती कमाल पातळीवर ठेवली की सर्वत्र 'रेंज' येते, असा समज असतो. वस्तुतः ॲक्सेस पॉइंटचा मोठा आवाज फोनला ऐकू येतो, पण फोनचे क्षीण उत्तर त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पडद्यावर पूर्ण संकेत दिसत असूनही पान उघडत नाही, त्याचे हे एक कारण होय. शिवाय 2.4 गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात परस्परांत न मिसळणाऱ्या वाहिन्या तीनच वापरल्या जातात. एकाच वाहिनीवरील शेजाऱ्यांना एकमेकांसाठी थांबावे लागते.

निष्कर्ष :
शक्तिनियमनाचे काम चालकाच्या विवेकाकडून यंत्राकडे गेले, असे वरील विवेचनावरून दिसून येते. तथापि नियंत्रक केवळ आपल्या ताब्यातील यंत्रांचाच मेळ घालू शकतो. 'लातूर पॅटर्न'मुळे वसतिगृहे व शिकवणीवर्ग दाटीने वसलेल्या वस्त्यांत घरोघरचे राउटर स्वतंत्र असतात. त्यांना एकत्र बांधणारा नियंत्रक नसतो. तेथे जुने तत्त्व पुन्हा माणसाच्याच हाती येते. म्हणून खरेदी समितीने 'किती यंत्रे?' या प्रश्नासोबत 'किती शक्तीवर?' हाही प्रश्न विचारावा. सामाईक विहिरीवरील पोहऱ्याचा संयम लहरींनाही लागू आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.