गोधडीचा प्रवास

दिवाळीच्या सुमारास सोनईच्या रस्त्यांवरून माणसांनी भरलेले ट्रक आणि ट्रॅक्टर जाऊ लागले की गळिताचा हंगाम आला असे समजावे. पाथर्डी, आष्टी, पाटोदा या बाजूंकडून ऊसतोडीसाठी निघणाऱ्या कुटुंबांचा संसार मोजका असतो. कोयते, चार भांडी, एखादी पत्र्याची पेटी, आणि दोरीने करकचून बांधलेले गोधड्यांचे गाठोडे. पाचटाच्या कोपीत पहिल्यांदा काही अंथरले जाते ते या गाठोड्यातले.

परगावी जाताना गोधडी सोबत नेणे ही हल्ली हौशीची, आठवण जपण्याची गोष्ट मानली जाते. इतिहासातला क्रम मात्र उलटा आहे. भिक्षू आणि जोगी यांची कंथा ही चिंध्यांचीच होती. बंगालातला 'कांथा' हा शब्द त्याच कुळातला. आपल्याकडे गाडगेबाबांना (1876–1956) लोक 'गोधडे महाराज' म्हणत, ते अंगावरच्या ठिगळांमुळे. फिरत्या माणसाचे अंथरूण, पांघरूण आणि वस्त्र एकच असे. वारकऱ्याच्या पाठीवरच्या वळकटीतही तीच वाकळ.

गोधडी घडते ती झिजलेल्या कापडातून. म्हणून कापडाचा इतिहास हाच तिचाही इतिहास. नगरच्या पद्मशाली विणकरांची हातमागाची लुगडी, मुंबईत 1854 साली पहिली कापडगिरणी स्थापन झाल्यानंतर हळूहळू खेड्यांपर्यंत पोचलेले गिरणीचे कापड, मग टेरिकॉट आणि नायलॉन, हे सारे थरांत सापडते. सुती नऊवारी मऊ होत जाते आणि टाका धरते. नायलॉन सुईखाली निसटते आणि घाम शोषत नाही. आजच्या गोधड्या जड असूनही ऊब देत नाहीत, ही म्हाताऱ्यांची तक्रार निव्वळ स्मरणरंजन नव्हे.

हंगामी स्थलांतर वाढले त्यामागे कोरडवाहू शेती होती, आणि 1972 च्या दुष्काळाने त्याला मोठाच रेटा दिला. मुळा धरणाच्या कालव्यांनी नेवासे तालुक्यात ऊस आणला. म्हणजे पाणी एका गावाला मिळाले, आणि ते ज्यांना मिळाले नाही त्यांची गाठोडी तिकडे निघाली. आम्ही महाविद्यालयात ग्रामीण साहित्य शिकवतो तेव्हा मातीविषयी पुष्कळ बोलतो; या वाटणीविषयी कमी.

आठवण मात्र त्या गाठोड्यातही असतेच. कोणी माहेरून आणलेली, कोणी गेलेल्या सासूच्या लुगड्याची. दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगलेल्या गोधडीविषयी मला म्हणूनच थोडी अढी आहे. तिथे ती टिकते खरी, पण निजायला कुणाच्या उपयोगी पडत नाही.

मी पुण्यात एम.ए.ला गेलो तेव्हा आईने एक दिली होती. वसतिगृहात लाज वाटून मी ती गादीखाली घातली. वर सोलापुरी चादर. पुढे ती विरली तेव्हा आईने फेकू दिली नाही, तिच्यावर नवे पदर घालून पुन्हा शिवली. मधे एका कडेला शिवण उसवली होती. आत आजीच्या हिरव्या लुगड्याचा काठ दिसला, आणि त्याच्याही खाली आईलाही ओळखू न आलेले एक धोतर.